गाडीचे ऑइल नीट कसे पाहावे



बैलगाडीचा कणा करकरू लागला की जुनी माणसे म्हणत, "गाडी वंगण मागते आहे." मग कण्याला वंगण घालीत. आवाज थांबे. बैलांवरचा ताण कमी होई. कणाही पुष्कळ दिवस टिके. बैलगाडी ओरडून तरी सांगत असे. मोटारीचे इंजिन तसे आधी सांगत नाही. ते ओरडू लागते, तेव्हा बहुतेक वेळा नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून इंजिनातले ऑइल आपणच उठून पाहायचे असते.

आज बहुतेक गावांत जीप आहे, पिकअप आहे, ट्रॅक्टर आहे. कोणी रोख पैसे देऊन घेतला, कोणी बँकेचे कर्ज काढून घेतला. गाडी चालली तर हप्ता फिटतो. गाडी बसली तर हप्ता थांबत नाही. तो दर महिन्याला दारात उभाच राहतो. तेव्हा गाडीचे इंजिन सांभाळणे म्हणजे घर सांभाळणेच आहे.

आपण आता अक्षरे वाचू लागलो आहोत. आकडे मांडू लागलो आहोत. ही विद्या घरच्या गाडीला कशी उपयोगी पडते, ते या पाठात पाहू या.

१. ऑइल काय काम करते?

इंजिनात सिलिंडर असतो. त्यात पिस्टन खालीवर धावतो. पिस्टनच्या जोराने खालचा क्रँक फिरतो आणि क्रँकच्या फिरण्याने चाके फिरतात.

हे किती वेगाने चालते? गाडी साधी रस्त्याने जात असताना क्रँक मिनिटाला दोन हजार फेरे घेतो असे धरू. तासाची मिनिटे ६०. मग २,००० गुणिले ६० म्हणजे १,२०,००० फेरे झाले. एका तासात एक लाख वीस हजार फेरे! लोखंडावर लोखंड इतके घासले तर काय उरेल?

ते घासत नाही, कारण मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. हा थर माणसाच्या केसापेक्षाही बारीक असतो. तेवढ्या थरावर सगळे इंजिन तरते.

ऑइलची कामे अशी :
पहिले, घर्षण कमी करणे.
दुसरे, आतली उष्णता वाहून नेणे.
तिसरे, आतली काजळी आणि कचरा धुऊन फिल्टरपर्यंत नेणे.
चौथे, गंज येऊ न देणे.
पाचवे, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यातली बारीक फट बुजवणे.

ऑइल इंजिनाच्या तळाशी एका लोखंडी भांड्यात साठते. मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. चेंबरमधले ऑइल एक लहान पंप वर ओढतो आणि सगळ्या बेरिंगांकडे पाठवतो. काम करून ऑइल पुन्हा खाली चेंबरमध्ये गळते. असा हा फेरा चालू राहतो. विहिरीवरचा पंप जसा पाणी ओढतो, तसेच हे. विहिरीचे पाणी फार खाली गेले की पंप हवा ओढतो. चेंबरमधले ऑइल कमी झाले की हा पंपही हवा ओढतो. विहिरीचा पंप हवा ओढू लागला तर पीक वाळायला काही दिवस लागतात. इंजिनाचा पंप हवा ओढू लागला तर बेरिंग जळायला थोडी मिनिटे पुरतात.

२. पट्टी आणि तिच्या खुणा

बॉनेट उघडले की इंजिनाच्या कडेला एक कडी किंवा रंगीत मूठ दिसते. ती वर ओढली की एक लांब, पातळ, लवचिक पट्टी बाहेर येते. हिलाच डिपस्टिक म्हणतात. कोणी गेज म्हणतात. आपण पट्टी म्हणू.

पट्टीच्या खालच्या टोकाजवळ दोन खुणा असतात. कुठे रेघा असतात, कुठे भोके असतात, कुठे दोन रेघांच्या मध्ये जाळीसारख्या बारीक रेघा असतात. वरच्या खुणेपाशी पुष्कळदा 'मॅक्स' किंवा 'एफ' अशी इंग्रजी अक्षरे असतात. तिचा अर्थ, यापेक्षा जास्त नको. खालच्या खुणेपाशी 'मिन' किंवा 'एल' असते. तिचा अर्थ, यापेक्षा कमी नको. ऑइल या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. वरच्या खुणेच्या जवळ असले तर उत्तम.

दोन खुणांमधले अंतर फार नसते. बोटाच्या एका पेराएवढे असते, कुठे थोडे कमी, कुठे थोडे जास्त. पण पुष्कळ मोटारींत या एका पेरात साधारण एक लिटर ऑइल मावते. म्हणजे पट्टीवर जराशी चूक झाली की खाली पावशेर-अर्धा शेर नव्हे, पाव-अर्ध्या लिटरची चूक होते. म्हणूनच नीट पाहायचे.

काही नव्या मोटारींना पट्टी नसते. त्यांत समोरच्या पडद्यावर ऑइलची पातळी दिसते. विजेवर चालणाऱ्या मोटारीला तर हे इंजिन नाही आणि हे ऑइलही नाही. हा पाठ पट्टी असलेल्या गाडीसाठी आहे.

३. पाहण्याआधी चार गोष्टी

पहिली गोष्ट, जागा सपाट हवी.

तिरप्या धरलेल्या तांब्यात पाणी एका बाजूला काठापर्यंत येते आणि दुसऱ्या बाजूला खाली जाते. पाणी तेवढेच असते. दिसते मात्र निराळे. चेंबरमध्ये असेच होते. याचा हिशोब करून पाहू. समजा, अंगणाला पुढे उतार आहे. शंभर सेंटिमीटरला पाच सेंटिमीटर, एवढाच. डोळ्यांना तो जाणवतही नाही. चेंबरच्या मध्यापासून पट्टी वीस सेंटिमीटर पुढे आहे. मग वीसाला किती? एक सेंटिमीटर. म्हणजे गाडीचे तोंड उताराकडे असेल तर पट्टीवर ऑइल खऱ्यापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर जास्त दिसेल. दोन खुणांमधले अंतरच पेरभर! सगळा हिशोब तेथेच चुकला.

जागा सपाट आहे की नाही हे कसे ओळखावे? गवंड्याची पाणसळ असेल तर झकास. नसेल तर एक सोपी युक्ती आहे. एकदा पट्टी पाहून आकडा लक्षात ठेवा. मग गाडी वळवून त्याच जागी उलट तोंडाने उभी करा. पुन्हा तेवढाच वेळ थांबून पट्टी पाहा. दोन्ही वेळा सारखेच दिसले तर जागा सपाट. निराळे दिसले तर जागा उताराची. खरी पातळी त्या दोहोंच्या मध्ये आहे असे समजा आणि पुढच्या वेळी दुसरी जागा शोधा. अशी जागा एकदा सापडली की चाके जेथे उभी राहतात तेथे चुन्याची खूण करून ठेवा. रोज तेथेच पाहावे.

दुसरी गोष्ट, इंजिन बंद हवे.

चालू इंजिनात ऑइल वर फिरत असते. खाली चेंबरमध्ये कमी असते. तेव्हा पट्टी खोटे सांगते. शिवाय चालू इंजिनात पंखा आणि पट्टा फिरत असतो. त्यात हात जाण्याची भीती. उपरणे, पदर, सैल बाही सांभाळा. काही गाड्यांचा पंखा विजेवर चालतो. तो इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरतो. म्हणून किल्ली काढून खिशात ठेवा, ब्रेक ओढा, चाकाला दगड लावा.

तिसरी गोष्ट, थोडे थांबायचे.

दूध मोजताना आपण फेस बसू देतो. फेसासकट मोजले तर एकाचे नुकसान ठरलेले. तसेच हे आहे. इंजिन बंद केल्यावर वरचे ऑइल खाली उतरायला वेळ लागतो. पाच ते दहा मिनिटे थांबावे. थंडीच्या दिवसांत ऑइल घट्ट असते, तेव्हा जास्त थांबावे.

येथे एक बारकावा आहे. ऑइल तापले की फुगते. शंभर लिटर थंड ऑइल सत्तर अंशांनी तापले तर ते सुमारे पाच लिटरने वाढते. मग पाच लिटर ऑइल किती वाढेल? सुमारे पाव लिटर. म्हणून सकाळी थंड इंजिनात पाहिलेले आणि दुपारी तापलेल्या इंजिनात पाहिलेले थोडे निराळे दिसणारच. काही कंपन्या सांगतात, इंजिन थंड असताना पाहा. काही सांगतात, गरम करून, बंद करून, थोडे थांबून पाहा. आपल्या गाडीबरोबर पुस्तक मिळते. त्यात हे लिहिलेले असते. ते पुस्तक फडताळात कोंडून ठेवू नका. उघडा आणि वाचा. स्वतःला इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून तेवढे पान वाचून घ्या आणि मराठीत वहीत उतरवा. पुस्तक हरवले असेल तर रोज पहाटे, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे ऑइल पाहा. रोज वेळ तीच, जागा तीच आणि रीत तीच ठेवली म्हणजे आजचे आणि कालचे ताडून पाहता येते.

चौथी गोष्ट, स्वच्छता.

एक धुतलेले फडके हाताशी ठेवा. ज्याचे धागे सुटतात असे फडके नको; तो धागा पट्टीबरोबर इंजिनात जातो. पट्टीच्या मुठीभोवती धूळ असेल तर ती आधी पुसा.

४. पट्टी पाहण्याची रीत

आता एकेक पायरी करू.

एक. पट्टी सरळ वर ओढून काढा. या पहिल्या वेळी काय दिसते ते मोजू नका. गाडी चालताना ऑइल नळीभर उडालेले असते. पट्टी वरपर्यंत माखलेली असते. ते माप नव्हे.

दोन. फडक्याने पट्टी मुठीपासून टोकापर्यंत कोरडी पुसा.

तीन. पट्टी पुन्हा नळीत घाला. अगदी तळापर्यंत बसली पाहिजे. मूठ नळीच्या तोंडावर टेकली पाहिजे. पट्टी अर्धी राहिली तर ऑइल कमी आहे असे वाटेल आणि तुम्ही उगाच भराल.

चार. दोन-तीन अंक मोजा आणि पट्टी सरळ बाहेर काढा. नळीच्या कडेला घासू देऊ नका.

पाच. पट्टी आडवी धरा. टोक वर करू नका. टोक वर केले की ऑइल मुठीकडे ओघळते आणि जास्त दिसते.

सहा. पट्टीच्या दोन्ही बाजू पाहा. एका बाजूला ऑइल वर दिसेल, दुसऱ्या बाजूला खाली. नळीला घासल्यामुळे असे होते. जी बाजू कमी दाखवते ती खरी धरा. ऑइलची सलग ओली रेघ जेथे संपते, ती पातळी. वर एखाददुसरा थेंब असेल तर तो हिशोबात नाही.

सात. मनात शंका आली तर पुसून पुन्हा पाहा. दोनदा सारखे आले म्हणजे ते खरे.

नवे ऑइल पिवळसर आणि स्वच्छ असते. पट्टीवर ते चटकन दिसत नाही. अशा वेळी पट्टी उजेडाकडे जरा फिरवून पाहा, नाहीतर मागे पांढरा कागद धरा. ओला भाग चमकतो, कोरडा भाग चमकत नाही.

५. एका ड्रायव्हरची गोष्ट

आमच्या भागात एका शेतकऱ्याने जुनी जीप घेतली. तालुक्याला भाजी न्यायची आणि येताना सवाऱ्या आणायच्या. गाडीवर गावातलाच एक तरणा मुलगा ड्रायव्हर म्हणून ठेवला. ऑइल बदलून तीन महिने झाले होते, तेव्हा तो कामावर आला. रोज सकाळी तो बॉनेट उघडी, पट्टी पाही, पुसून ठेवी. मग गाडी काढी.

एके दिवशी भरल्या गाडीनिशी तो घाट चढत होता. मध्येच इंजिन खडखडले आणि जागच्या जागी जाम झाले. गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यावी लागली. मिस्त्रीने खालचा बोल्ट काढून ऑइल भांड्यात घेतले आणि मोजले. जेवढे पाहिजे त्याच्या निम्मेही नव्हते. क्रँक आणि बेरिंगे गेली होती. भाजीचा हंगाम निघून गेला. घरात जमवलेला पैसा इंजिनात गेला.

मालक ड्रायव्हरला म्हणाला, "तू ऑइल पाहतच नव्हतास. खोटं बोललास माझ्याशी."

तो म्हणाला, "अण्णा, आईची आण, रोज पाहत होतो. पट्टीवर ऑइल भरपूर दिसत होतं."

कोणाला ते पटले नाही. मुलाला कामावरून काढले. गावात त्याच्या नावाने बोलणे होऊ लागले. दुसरे कोणी त्याला गाडीवर ठेवीना.

दीड महिन्याने गाडी दुरुस्त झाली. मिस्त्रीने मापाने ऑइल भरले. गॅरेजच्या सपाट फरशीवर पट्टी पाहिली. ऑइल बरोबर वरच्या खुणेला होते. मालकाने गाडी घरी आणून अंगणात लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर! त्याला वाटले, मिस्त्रीने जास्त ओतले. त्याने मिस्त्रीला घरी बोलावले. मिस्त्रीने पट्टी पाहिली, मग अंगण पाहिले. काही न बोलता त्याने तांब्याभर पाणी जमिनीवर ओतले. पाणी ओहळ होऊन फाटकाकडे धावले. गाडीचे तोंड रोज त्याच बाजूला असे.

मग सगळे उमगले. मुलगा रोज पाहत होता. त्याने खरेच सांगितले होते. पट्टीच चुकीच्या जागी पाहिली जात होती. ऑइल हळूहळू जळून कमी होत होते. अंगणात ते खुणांच्या मध्ये दिसे आणि खरे तर खालच्या खुणेच्याही खाली गेलेले असे. त्यातून घाटाचा चढ लागला. चढावर ऑइल मागे सरले आणि पंपाने हवा ओढली. आणखी एक गोष्ट मिस्त्रीने दाखवली. समोरचा लाल दिवा तेव्हा लागायला हवा होता. त्याचा बल्ब केव्हाच गेलेला होता.

मालक त्या मुलाच्या घरी स्वतः गेला. म्हणाला, "बाबा रे, तू खरं बोलत होतास. चूक आमच्या अंगणाची. उद्यापासून गाडीवर ये."

मुलगा म्हणाला, "येतो, अण्णा. पण आधी गाडी लावायची जागा बदलू."

मंडळी, ही गोष्ट आम्ही दोन कारणांनी सांगितली. एक, रोज पाहणे पुरेसे नाही. नीट पाहिले पाहिजे. दोन, माणसाला खोटा ठरवण्याआधी माप खरे आहे की नाही ते तपासले पाहिजे.

६. कमी दिसले तर आणि जास्त दिसले तर

ऑइल खालच्या खुणेजवळ आले की भरावे. खाली गेले असेल तर भरल्याशिवाय गाडी काढू नये.

भरण्याची जागा पट्टीची नळी नव्हे. इंजिनाच्या वर एक झाकण असते, त्यावर बहुधा ऑइलच्या झारीचे चित्र असते. ते उघडा. स्वच्छ नरसाळे लावा. एकदम लिटरभर ओतू नका. पाव लिटर ओता, पाच मिनिटे थांबा, पट्टी पुसून पाहा. कमी असेल तर पुन्हा थोडे ओता. स्वयंपाकात मीठ घालतो तसे हे आहे. कमी पडले तर घालता येते, जास्त झाले तर काढणे अवघड.

"जास्त भरले तर काय बिघडते? थोडे शिलकीत राहील," असे कोणी म्हणतात. ते बरोबर नाही. ऑइल फार वर आले की फिरणारा क्रँक त्यात बुडतो आणि ते घुसळून काढतो. रवीने ताक घुसळावे तसा फेस होतो. फेसात हवा असते. हवेने बेरिंगला वंगण मिळत नाही. दाब वाढून सीलमधून ऑइल गळू लागते. नळकांड्यातून निळा धूर निघतो. तेव्हा जास्त झालेले ऑइल मिस्त्रीकडून काढून घ्यावे.

ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलल्यावर इंजिन एक मिनिट चालवा, बंद करा, थांबा आणि पुन्हा पट्टी पाहा. नवा फिल्टर थोडे ऑइल स्वतःत घेतो, त्यामुळे पातळी उतरते.

कोणते ऑइल भरावे? डब्यावर आकडे असतात. उदाहरणार्थ, 'पंधरा डब्ल्यू चाळीस'. डब्ल्यू म्हणजे हिवाळा या अर्थाचे इंग्रजी अक्षर. पहिला आकडा ऑइल थंडीत किती घट्ट राहते ते सांगतो. दुसरा आकडा ते तापल्यावर किती घट्ट राहते ते सांगतो. आकडा मोठा तेवढे ऑइल घट्ट. पुस्तकात जो आकडा असेल तोच डबा मागा. दुकानदार देईल ते घेऊन येऊ नका. डब्याचे सील पाहा, आकडा वाचा, मगच पैसे द्या. वाचता येऊ लागल्याचा हा रोकडा फायदा आहे.

७. पट्टी आणखी काय सांगते?

वैद्य नाडी पाहतो, जीभही पाहतो. पातळीबरोबर ऑइलचे रूपही पाहावे.

ऑइल काळे झाले : डिझेल इंजिनात ते लवकर काळे होते. काजळी धुऊन घेणे हे त्याचे कामच आहे. नुसत्या काळेपणाला भिऊ नका. बदलण्याची मुदत पुस्तकात पाहा.

ऑइल दुधाळ, दुधाच्या चहासारखे दिसले : आत पाणी शिरले असण्याचा संभव. गाडी चालवू नका. मिस्त्रीला दाखवा.

न भरताच पातळी वाढली : हा आनंद नव्हे, धोका आहे. ऑइलमध्ये डिझेल, पेट्रोल किंवा पाणी मिसळते आहे. पट्टीचा वास घ्या. डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी उभी ठेवा.

ऑइलमध्ये चमचमणारे कण दिसले : आतले धातू झिजत आहेत. लगेच दाखवा.

८. लाल दिव्याचा भरवसा किती?

किल्ली फिरवली की समोर झारीच्या आकाराचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. पुष्कळांना वाटते, ऑइल कमी झाले की हा दिवा लागेल, तोवर काळजी नको. तसे नाही. बहुतेक गाड्यांत हा दिवा ऑइलचा दाब सांगतो, पातळी सांगत नाही. दाब पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. गाडी चालताना हा दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ, असे म्हणू नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन तत्काळ बंद करा. आणि रोज किल्ली फिरवताना दिवा लागतो ना, हे पाहा. लागत नसेल तर बल्ब किंवा वायर तपासून घ्या.

९. ऑइलची वही

एक पातळ वही गाडीत ठेवा. तिच्यात चार रकाने पाडा : तारीख, गाडीचे किलोमीटर, पट्टीवरची पातळी, किती भरले. ट्रॅक्टरला किलोमीटरऐवजी तासांचा आकडा लिहा.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या महिन्यात गाडी २,००० किलोमीटर चालली. ऑइल ५०० मिलिलिटर भरले. म्हणजे हजार किलोमीटरला २५० मिलिलिटर लागले. दुसऱ्या महिन्यात गाडी १,६०० किलोमीटर चालली. ऑइल ८०० मिलिलिटर भरले. म्हणजे हजाराला ५०० मिलिलिटर. गाडी कमी चालली आणि ऑइल दुप्पट लागले! काहीतरी बिघडले आहे. कोठे गळते का, ते गाडीखाली जुना पुठ्ठा रात्रभर ठेवून पाहा. गळत नसेल आणि धूर निळा असेल तर ऑइल आत जळते आहे. आता लहान काम आहे. दिरंगाई केली तर मोठे होईल.

तोंडी हिशोबात हे लक्षात येत नाही. लिहिलेल्या हिशोबात येते. आणि गाडीवर दोघे-तिघे असतील तर वही सर्वांची साक्षीदार असते. कोणावर आळ येत नाही.

१०. जुने ऑइल कोठे टाकावे?

काढलेले ऑइल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेतात ओतू नका. ते पाण्यावर पसरते आणि पाणी पिण्यालायक राहत नाही. चुलीत जाळू नका. गुरांच्या जखमेवर लावू नका. त्यात धातूचे कण आणि अपायकारक द्रव्ये असतात. ते झाकणाच्या डब्यात साठवा आणि जुने ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे पोहोचेल अशा गॅरेजला द्या. हाताला लागलेले ऑइल साबणाने धुवा.

आपल्याकडे इंजिन नवे नाही. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली आणि तिची डिझेल इंजिने विहिरीविहिरींवर गेली. त्या इंजिनांवर मोट सुटली आणि बागाईत आले. ज्या घरांनी ऑइल वेळेवर पाहिले, त्यांची इंजिने मुलांच्या हाती गेली. हे काम पाच मिनिटांचे आहे. त्याला पैसे लागत नाहीत. फडके, सपाट जागा आणि थोडा धीर एवढेच लागते.

अभ्यास

अ. उत्तरे लिहा.
१. पट्टी पहिल्यांदा काढल्यावर जे दिसते ते का मोजू नये?
२. पट्टीच्या दोन बाजूंना निराळी पातळी दिसली तर कोणती खरी धरावी?
३. न भरता ऑइल वाढले तर काय समजावे?

आ. हिशोब करा.
१. एक गाडी ३,००० किलोमीटर चालली. तिला ६०० मिलिलिटर ऑइल भरावे लागले. हजार किलोमीटरला किती लागले?
२. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत एक लिटर मावते. ऑइल बरोबर मध्यावर आहे. वरच्या खुणेपर्यंत किती भरावे लागेल?

इ. करून पाहा.
१. आपल्या किंवा शेजारच्या गाडीचे ऑइल सात दिवस रोज सकाळी पाहा आणि वहीत लिहा.
२. गाडी उभी राहते ती जागा सपाट आहे का, ते गाडी उलट तोंडाने लावून तपासा.
३. घरातल्या एका माणसाला ही रीत शिकवा. वही त्याच्या हातात द्या आणि त्याने लिहिलेले वाचून पाहा.